उंबऱ्यावरचा पाय

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की शब्द तेवढे कानावर येतात, श्वास ऐकू येत नाही, आणि आजच्या गोष्टीत श्वासालाच महत्त्व आहे. गोष्ट राजाची नाही, कुणा महात्म्याचीही नाही. बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडणाऱ्या चार माणसांची आहे. पण देव काय फक्त देवळातच उभा असतो होय? कधी कधी तो तेलकट हातांच्या माणसाजवळ, बंद पडलेल्या लिफ्टच्या दारातही उभा असतो. आपण घाईत असतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. तर ऐका.

एका उंच इमारतीचा तळमजला. लिफ्टचं दार उघडं, आत दिवा लागलेला. सकाळपासून रुसून बसलेली लिफ्ट दुरुस्त झाली आहे, रिकामी वर-खाली फिरवून झाली आहे. आता एकच काम उरलं आहे. माणसाने आत उभं राहून पहिली फेरी मारायची. रिकाम्या लिफ्टला काय कळतं? ती सुटताना हिसका देते का, मजल्याशी नीट लागते की बोटभर खाली राहते, हे सांगायला आत जिवंत माणूसच लागतो.

दारासमोर तिघं उभी आहेत आणि तिघांपैकी कुणीच हलत नाही.

एक आहे वायरताई. वीजजोडणीचं काम तिचं. कानावर पेन्सिल खोचलेली, तोंडाने फटकळ. दुसरा मौनी, ब्रेक बसवणारा. बायको गेल्यापासून त्याचं बोलणं जवळजवळ आटलं आणि लोकांनी त्याला हे नाव दिलं. आणि तिसरा नकाशे. हे काही त्याचं आडनाव नव्हे. यंत्रांचे नकाशे त्याला पुस्तकासारखे वाचता यायचे, म्हणून पडलेलं नाव. ते इतकं घट्ट बसलं, की कचेरीतला शिपाईसुद्धा त्याला "ओ नकाशेसाहेब" म्हणायचा. परवाच त्याला मुकादम केलं होतं. मुकादम झाल्यावरची ही त्याची पहिली दुरुस्ती.

वायरताईने त्याच्याकडे पाहिलं. मौनीने दाराकडे पाहिलं. इमारतीतल्या एक आजीबाई पिशवी सावरत म्हणाल्या, "झाली का हो चालू? माझे गुडघे वाट बघतायत."

"झालीच, आजी," नकाशे म्हणाला. मग घसा खाकरला. हातातल्या पान्याकडे बघत, अगदी सहज सांगितल्यासारखं बोलला, "मौनी, बसून बघ रे जरा."

वायरताईच्या भुवया वर गेल्या. मौनीने मात्र मान हलवली, आत गेला, दार लागलं. आकडे चढत गेले, उतरत आले. दार उघडलं. मौनी बाहेर आला आणि आपली हत्यारं गोळा करायला लागला. काहीच झालं नाही. आजीबाई वर गेल्या. सगळं कसं सुरळीत.

आणि तरीही तिथे काहीतरी तुटलं. त्याचा आवाज फक्त त्या तिघांना ऐकू आला.

"चला," नकाशे म्हणाला, "चहा घेऊ."

"तुम्ही घ्या, मुकादम," वायरताई म्हणाली. "मला तारा गुंडाळायच्यात."

इतकी वर्षं ती त्याला अरे-तुरे करत होती. त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाली. मुकादम झाला म्हणून मान दिला असं नकाशेला वाटून घ्यायचं होतं. पण मान कुठला आणि परकेपणा कुठला, हे काय माणसाला कळत नाही?

आता चौथ्या माणसाकडे येऊ. खरं तर तोच पहिला.

नकाशेच्या आधी या टोळीचे मुकादम होते पोतंदादा. देहाने भरभक्कम, चालले की जिना कुरकुरायचा. मोठी दुरुस्ती झाली की लिफ्टमध्ये वाळूची पोती भरून वजनाची चाचणी घेतात. पूर्वी एकदा एक पोतं कमी पडलं, तर हे म्हणाले, "आणायला कशाला जाता? मी आहे ना," आणि जाऊन पोत्यांमध्ये उभे राहिले. तेव्हापासून पोतंदादा. हाक मारायची तर नुसतं दादा.

दादांची एक रीत होती. दुरुस्ती कुणाच्याही हातची असो, पहिली फेरी दादांची. आणि आत जाण्याआधी ते लिफ्टच्या उंबऱ्यावर थांबायचे. एक पाय आत, एक पाय बाहेर. खिशातून फडकं काढून तोंड पुसायचे आणि विचारायचे, "कुणाच्या मनात काही राहिलंय का?"

एवढंच. आणि थांबायचे. चांगले थांबायचे. घड्याळात न बघता.

त्या थांबण्यात काय जादू होती कोण जाणे. एकदा वायरताई त्या शांततेत पुटपुटली, "दादा, दाराचा स्विच मी परत एकदा बघते. सकाळपासून लेकीच्या तापातच जीव होता माझा. हात इथे, लक्ष तिथे."

"बघ, बाई, बघ," दादा तसेच उभे. "मला काय घाई? वर कुणी पाट मांडून ठेवलाय थोडाच माझ्यासाठी?"

स्विच खरंच ढिला निघाला. वायरताईचा चेहरा उतरला. दादांचा मात्र असा खुलला, की हरवलेली वस्तू सापडली जणू. "सापडला ना? झालं तर. आणि पोरीला घेऊन जा डॉक्टरकडे, पुढचं आम्ही आवरतो." असं का झालं, कसं झालं, एक अक्षर नाही. आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची आणि वर शाबासकी मिळवायची, असा कारभार त्या टोळीत चालायचा. बाहेरच्या कुणाला खरं वाटलं नसतं.

आणि सांगणार नाहीत तर काय करतील? समोर दादांचा पाय दिसायचा, आत ठेवलेला. त्या पायाकडे बघून खरं गिळता यायचं नाही कुणाला.

मौनीची बायको गेली तेव्हा नकाशेच दादांना म्हणाला होता, "दादा, याला ब्रेकवरून काढा. पाना हातात घेऊन भलतीकडेच बघत बसतो. एखाद दिवशी अंगाशी येईल."

दादा म्हणाले होते, "ब्रेकवरून काढला तर काय करेल तो? भिंतीकडे बघेल. त्यापेक्षा ब्रेककडे बघू दे."

आणि गंमत बघा, दादा उंबऱ्यावर थांबले की मौनी दर वेळी, न चुकता, म्हणायचा, "एकदा बघून येतो." सगळे जिने चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचा, ब्रेकच्या स्प्रिंगवरचा नट घट्ट धरून ठेवणारा जो चेकनट असतो, तो हाताने चाचपायचा आणि खाली यायचा. बहुतेक वेळा तो घट्टच असायचा. एखाद्या वेळी नसायचाही. बायको गेल्यावर त्याच्याजवळ उरलेलं ते एवढंच वाक्य होतं, आणि ते तो दादांच्या पायासाठी खर्च करायचा.

मग दादांच्या छातीने दगा दिला. दोन पावलं टाकली की धाप. त्यांना रुग्णालयात ठेवलं, आणि कचेरीतल्या साहेबांनी नकाशेला बोलावून घेतलं.

साहेब वाईट नव्हते. कामसू माणूस. म्हणाले, "हे बघा, तुमचे दादा चांगले, पण जुन्या वळणाचे. अर्धा वेळ नुसते दारात उभे असतात, मी पाहिलंय. मुकादमाने स्वतः धडपडायचं नसतं. माणसं हलवायची असतात. ज्याचं काम त्याची जबाबदारी. ज्याने ब्रेक लावला त्याने बसून दाखवावं, विषय संपला. पटतंय ना?"

नकाशेला पटलं. पटलं म्हणजे काय, जिवावरचं ओझं उतरलं. कारण ऐका, हा माणूस पहिल्या फेरीला भीत होता. ज्याला नकाशा वाचता येतो त्याला त्यातली प्रत्येक रेघ कुठे तुटू शकते तेही दिसतं. रोजच्या लिफ्टमध्ये तो चार लोकांसारखा जायचा, पण नुकत्याच उघडून जोडलेल्या लिफ्टमध्ये, सगळ्यांच्या आधी, एकट्याने? नुसत्या विचाराने त्याचे तळहात ओले व्हायचे. दादा कसे निर्धास्त जातात याचं त्याला कोडं पडायचं. तो मनाशी म्हणायचा, काही माणसं जन्मालाच धीट येतात. आपण नाही आलो. त्याला इलाज नाही.

तर अशी ती पहिली दुरुस्ती झाली, आणि तिच्यामागून कितीतरी.

कामं वेळेवर व्हायला लागली. उंबऱ्यावर कुणी थांबत नव्हतं, मग वेळ कुठे जाणार? साहेब खूष. टोळी मात्र नासक्या दुधातून पाणी सुटावं तशी वेगळी वेगळी व्हायला लागली. वायरताई आपली वायर जोडायची आणि बाजूला होऊन डबा उघडायची. आपल्या कामापलीकडे बघायची नाही. एकदा नकाशेने विचारलं, "तिकडे वर मोटरचा आवाज जरा वेगळा वाटला का गं?"

"माझं काम वायरचं, मुकादम," ती म्हणाली. "मोटरचं मोटरला विचारा."

"असं तोडून काय बोलतेस?"

"तोडलं कुणी?" तिने पोळी मोडली. "मी तर फक्त जोडते."

मौनी मात्र होता तसाच. सांगितलं की आत जायचा, बाहेर यायचा. "एकदा बघून येतो" हे वाक्य तो आता म्हणत नव्हता. नकाशेच्या ते ध्यानात आलं होतं. त्याने मनाशी अर्थ लावला, की गडी सावरला, हातावर भरवसा बसला त्याचा. माणूस आपल्याला सोयीचा अर्थ किती चटकन लावतो!

घरी त्याची बायको म्हणाली, "मुकादम झालात आणि जेवण अर्ध्यावर आलं तुमचं. हाताखालची माणसं ऐकत नाहीत का?"

"सगळं ऐकतात गं."

"मग?"

"नुसतं ऐकतातच," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

एका दुपारी तो दादांना भेटायला गेला. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. दादांच्या नाकाला नळी लावलेली, आणि तो एवढा देह असा ओसरला होता, की चादरीखाली कुणी आहे की नाही याची शंका यावी. शेजारी वहिनी बसल्या होत्या, त्या उठून बाहेर गेल्या. दोघांना बोलता यावं म्हणून.

"ये रे नकाशे," दादा म्हणाले. एकेका शब्दाला विसावा घेत होते. "बघ, पोतं रिकामं झालं."

"काहीतरीच काय, दादा."

"टोळी कशी आहे?"

नकाशेला खरं सांगायचं होतं. दादा, माझ्याकडे कुणी बघत नाही, तुम्ही हे कसं करत होता, ते सांगा. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण दादांनी मध्येच विचारलं, "पहिली फेरी कोण मारतं?"

"मीच," नकाशे म्हणाला.

बोलून गेला. जीभ अशी पुढे धावली, की त्याला स्वतःलाच ते नंतर ऐकू आलं.

दादांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर केवढं तरी सुख पसरलं. मग डोळे उघडून हळूच विचारलं, "आणि भीती?"

"कसली भीती, दादा?"

दादा त्याच्याकडे बघत राहिले. नवल वाटावं तसे. मग म्हणाले, "वा." पुन्हा एकदा म्हणाले, "वा," आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. नकाशेला तो हात तापल्या पत्र्यासारखा लागला. कसाबसा निरोप घेऊन तो जिन्यानेच खाली उतरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं.

राहत्या घरांची एक इमारत होती. ब्रेकची जुनी स्प्रिंग काढून नवी बसवायची होती. मौनीने बसवली. रिकाम्या फेऱ्या झाल्या, ठीक झाल्या. नकाशे म्हणाला, "मौनी, बस." मौनी दारापर्यंत गेला आणि क्षणभर थांबला. त्याने वर पाहिलं, गच्चीच्या दिशेने. नकाशेने ते पाहिलं. त्याला वाटलं, विचारावं. पण साहेबांचा दुसऱ्या इमारतीसाठी फोन येऊन गेला होता, आणि विचारलं तर हा जिने चढणार, उतरणार, तेवढा वेळ कुठून आणायचा?

मौनी आत गेला. दार लागलं.

तुम्हाला वाटेल, ब्रेक सुटला की लिफ्ट खाली पडते. नाही. आत एकच माणूस असेल तर मागे दोराला बांधलेलं लोखंडी वजन जड ठरतं, आणि ते लिफ्टला वर ओढतं. तिसऱ्या मजल्याशी ब्रेकने धरलंच नाही, आणि आकडे भराभर पळायला लागले. वायरताई ओरडली. गच्चीकडून घरघर आली, मग तळातल्या खड्ड्यात ते वजन आदळल्याचा दणका, आणि वर, अगदी टोकाला, लिफ्ट उसळून पुन्हा खाली बसल्याचा आवाज. मग काहीच नाही.

जिने चढताना वायरताई पुढे होती, नकाशे मागे. कितव्या मजल्यावर काय दिसणार आहे याचा विचार करत करत चढण्यासारखी शिक्षा देवाने दुसरी केलेली नाही.

मौनी जिवंत होता. डोळे उघडे होते. कमरेखाली त्याला काही हलवता येत नव्हतं.

त्याच रुग्णालयात त्याला आणलं. वरच्या मजल्यावर दादा, खाली मौनी. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण पाय आता याच्या कामाचे नाहीत. नकाशे खाटेशी जाऊन बसला. शेवटी विचारलं, "वर का बघितलंस तेव्हा? दारात थांबून?"

मौनी छताकडे बघत होता. "चेकनट," तो म्हणाला. "आवळल्याचं आठवेना."

"मग बोलला का नाहीस रे? एक शब्द! दादा असताना तर दर वेळी..."

"दादा असताना दादा बसायचे," मौनी म्हणाला. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. "आता बसणार मीच होतो. माझ्यासाठी कशाला एवढे जिने चढायचे?"

ऐकलंत? पुन्हा सांगत नाही. सांगवत नाही.

बायको गेल्यावर या माणसाला स्वतःची किंमत उरली नव्हती. दुसऱ्याच्या पायाची होती. दादांनी कधी न बोलता, न समजावता, आपला पाय उंबऱ्यावर ठेवून त्याला जगवलं होतं. तो पाय नकाशेने काढून घेतला.

साहेब दुसऱ्या दिवशी येऊन गेले. बाहेरच्या बाकावर बसून म्हणाले, "वाईट झालं. पण आपल्याला नियमाने चालावं लागतं. ब्रेक त्याने बसवला, चूक त्याची. निष्काळजीपणा असं तुम्ही वर कळवा. मग पुढचं औषधपाणी त्याचं त्याने बघायचं, कचेरीवर येत नाही. तुमच्यावरही येत नाही." जाता जाता खांद्यावर हात ठेवला. "उद्या सांगितलंत तरी चालेल."

नकाशे तिथेच बसून होता. तेवढ्यात जिन्यावरून वहिनी उतरताना दिसल्या. एकट्या. हातात दादांची चप्पल होती. ती बघूनच तो उठून उभा राहिला.

"गेले," वहिनी म्हणाल्या. "आत्ता. भजनातली ओळ गुणगुणत होते, ती अर्ध्यावर राहिली."

त्याने त्यांना बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं. वहिनी रडल्या नाहीत. चपलेवरची धूळ पदराने पुसत राहिल्या.

"खालचं त्यांना कळू दिलं नाही मी," त्या म्हणाल्या. "मौनीचं. ते समाधानाने गेले, भाऊजी. तुम्ही येऊन गेलात ना, त्या दिवसापासून एकच लावून धरलं होतं. 'पोरगा माझ्यापेक्षा धीट निघाला.' मला म्हणायचे, 'अगं, भीती नाही म्हणाला तो. मी नुसता उंबरा ओलांडायला केवढा वेळ घ्यायचो.'"

नकाशेला कळेना. "दादा? वेळ घ्यायचे?"

"तुम्हाला कुठून ठाऊक असणार! माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही." वहिनींनी चप्पल मांडीवर ठेवली. "घरी आले की आधी पाय चोळून घ्यायचे माझ्याकडून. थरथरायचे. एवढा मोठा माणूस, पण पाय पानासारखे हलायचे. म्हणायचे, 'आजही आत जाववत नव्हतं गं. एक पाय टाकला की दुसरा येतच नाही. मग उगाच काहीतरी विचारायचं, तोंड पुसायचं, तेवढ्यात देवाचं नाव घ्यायचं.' इतकी वर्षं भीत भीतच गेले, भाऊजी. रोज. मी म्हणायची, दुसऱ्या कुणाला पाठवा. तर म्हणायचे, 'मला एवढी भीती वाटते, मग दुसऱ्याला कसा पाठवू?'"

नकाशेने बाकाची कड घट्ट धरली. ते फडकं, ते थांबणं, तो प्रश्न, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून पुन्हा गेलं. आपण ज्याला धीर समजत होतो, तो दादांचा न उचलणारा पाय होता. त्याच्या स्वतःच्या पायासारखाच. अगदी तसाच.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर उभा राहिला.

"पहिली फेरी माझी होती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मुकादमाची असते. मी त्याला पाठवला. तो दारात थांबला होता, मी विचारलं नाही. चूक माझी."

साहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "नकाशे, शहाणे आहात तुम्ही. याचा अर्थ कळतो ना? मुकादमकी राहणार नाही. आणि पुढे काय काय होईल, ते मी आत्ता सांगू शकत नाही."

"कळतो."

"कशासाठी पण?"

काही गोष्टी माणसाला कळतात आणि सांगता येत नाहीत. साहेबांनी मान हलवली. मौनीचं औषधपाणी कचेरीने घेतलं. नकाशेच्या जागी दुसरा माणूस यायचा होता. तो येईपर्यंत काम थांबू नये, म्हणून थोडे दिवस यालाच ठेवलं.

त्या थोड्या दिवसांत एका सकाळी रुग्णालयाचीच लिफ्ट बिघडली.

मौनीला त्याच दिवशी घरी सोडणार होते. त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत आणून ठेवलं होतं. त्याचा भाऊ गाडी आणायला गेला होता. त्याच्या मांडीवर कपड्यांचं गाठोडं होतं. समोर वायरताई आणि ब्रेकच्या कामासाठी बदलीवर आलेला एक मेकॅनिक काम उरकत होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रिकामी फेरी झाली. दार उघडलं. आत दिवा लागला.

बदलीवरचा मेकॅनिक सवयीने पुढे झाला. "बसू का मुकादम?"

"थांब," नकाशे म्हणाला.

तो उंबऱ्यापाशी गेला. एक पाय आत ठेवला. दुसरा काही केल्या उचलेना. घाम डोळ्यांत उतरला. खिशात फडकं नव्हतं, म्हणून त्याने बाहीनेच तोंड पुसलं. सगळ्यांना त्याचा गुडघा हलताना दिसत होता. त्याने तो लपवला नाही.

"कुणाच्या मनात काही राहिलंय का?"

वायरताईने झटकन वर पाहिलं. कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. परिचारिका औषधांची गाडी ढकलत गेली. तो थांबला. चांगला थांबला.

"चेकनट," मागून आवाज आला.

खुर्चीतला मौनी बोलला होता. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. "हाताने बघितला का?"

बदलीवरच्या मेकॅनिकने मौनीकडे पाहिलं, नकाशेकडे पाहिलं. "डोळ्यांनी बघितला," तो म्हणाला. मग जरा ओशाळून, "एकदा बघून येतो." आणि जिन्याकडे वळला.

जिन्यावर त्याची पावलं वाजत राहिली, चढत, चढत, ऐकू येईनाशी झाली. नकाशे तसाच उभा, एक पाय आत, एक बाहेर. वायरताई जवळ आली. हळूच म्हणाली, "पाय केवढा हलतोय रे तुझा."

"हो गं."

"असू दे."

पावलं परत खाली आली. "घट्ट आहे," मेकॅनिक धापा टाकत म्हणाला.

नकाशेने मान हलवली आणि दुसरा पाय आत घेतला. दार मिटलं. दारावरचे आकडे एकेक करून उजळायला लागले. मौनी मान वर करून बघत होता. आकडा बदलला की त्याचे ओठ तेवढे हलत होते, आणि मांडीवरचं गाठोडं त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. गाडी आली म्हणून भाऊ बोलवायला आला, तर त्याने हात वर करून त्याला थांबवलं. शेवटचा आकडा लागला. मग परतीचे.

नवा मुकादम पुढच्या आठवड्यात आला. तो उंबऱ्यावर थांबतो की नाही, मला माहीत नाही.

तुमच्यापाशी एवढंच मागतो. घाईच्या वेळी लिफ्टचं दार उघडेल, तुम्ही पाय आत टाकाल, मनात शंकासुद्धा येणार नाही. तेव्हा क्षणभर त्या उंबऱ्याकडे बघा. तिथे सगळ्यांच्या आधी एक जड देहाचा माणूस भीत भीत उभा राहिला होता. आणि आठवणीत जागा उरली, तर खुर्चीत बसून आकडे मोजणाऱ्यालाही तिथे बसवा.